हे कोंबड्यांसाठी आहे

सर आमच्या दारात उभे राहून मला मोबाइलवर फोटो दाखवत होते आणि माझी नजर त्यांच्या बुटांवर होती. गेल्या वर्षी हेच बूट घालून ते माझ्या स्वयंपाकघरात शिरले होते.

"वहिनी, यातली एक निवडून द्या ना. तुम्हाला त्यातलं कळतं," ते म्हणाले.

फोटोत हाताने फिरवायच्या गिरण्या होत्या. नगरपालिकेने प्रत्येक इमारतीला आणीबाणीची तयारी करून ठेवायला सांगितलं होतं. पाणी, टॉर्च, औषधांची पेटी असली यादी होती. आमच्या सभेत कुणीतरी हातगिरणीचं काढलं आणि म्हणे एकालाही समजावून सांगावं लागलं नाही. कसं लागेल?

"मला वेळ नाही," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. लावलं म्हणजे आपटलंच.

माझी पिठाची गिरणी आहे, इमारतीच्या खालच्या गाळ्यात. बावीस वर्षं झाली. आमचे हे बसच्या डेपोत मेकॅनिक. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंचं वय एक्क्याऐंशी, तोंडात दात एकही नाही, जीभ मात्र शाबूत. आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत. आमचं घर तीन नंबरचं, गिरणीच्या बरोब्बर वर. सर राहतात वरच्या मजल्यावर. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि इमारतीचे सेक्रेटरी आहेत. त्यांना सगळे सरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा.

गेल्या वर्षी वादळात विजेचे मोठे टॉवर आडवे झाले आणि पूल खचला. अकरा दिवस वीज नव्हती. दुकानातलं पीठ, पाव, बिस्किटं दोन दिवसांत संपली. माझ्याकडे दळून ठेवलेल्या अकरा पिशव्या होत्या. त्या ज्यांच्या होत्या त्यांना मी पहिल्याच दिवशी घरपोच दिल्या, एकूण एक. चौथ्या दिवशी मदतीचा ट्रक आला. त्यातून उतरली गव्हाची पोती. आख्खा गहू! कुणा शहाण्याने भरून पाठवला होता कुणास ठाऊक. घराघरात धान्य आलं आणि ते दळायला अख्ख्या वस्तीत काही नव्हतं. लोक पातेली घेऊन माझ्या बंद शटरसमोर उभे राहायचे. "काहीतरी करा ना," म्हणायचे. मोटर काय मी फुंकर मारून फिरवू?

सहाव्या दिवसापासून त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. गिरणीवालीकडे पीठ नाही, हे पटतं का तुम्हाला, असं जिन्यात माझ्या पाठीमागे बोललं गेलं. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आठव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. सर होते, दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण होती आणि आणखी तिघं. "गैरसमज करून घेऊ नका, फक्त बघतो," म्हणत ते आत घुसले. शिंपिणीने माझे डबे एकेक करून उघडले. पलंगाखाली टॉर्च मारला. सासूबाईंना उठवून त्यांच्या गादीखाली पाहिलं.

एका डब्यात पीठ होतं. मी ते सासूबाईंसाठी राखून ठेवलं होतं. पाण्यात शिजवून पातळ केलं की त्यांना गिळता यायचं. मी डब्याला हात घातला तर सरांनी तो काढून घेतला. "सगळ्यांनी वाटून खाऊ, वहिनी." खाली नेऊन माझ्याच काट्यावर त्यांनी पीठ तोललं. दोन किलो. नंतर घराघरात वाटल्याचं कळलं. आमच्याकडे काही आलं नाही. गडबडीत राहून गेलं असेल, असं आमचे हे म्हणाले.

आमचे हे! त्या दुपारी ते भिंतीला पाठ लावून उभे होते. एक अक्षर बोलले नाहीत. सगळे गेल्यावर म्हणाले, "जाऊ दे. दिवसच तसे आहेत."

उरलेले दिवस मी गहू उकडायची, खलबत्त्यात चेचायची आणि गाळून त्याचं पाणी सासूबाईंना पाजायची. त्यांचं पोट बिघडलं ते दोन महिने ताळ्यावर आलं नाही. अकराव्या दिवशी दिवे लागले. बाराव्या दिवशी तेच सगळे दळणाच्या पिशव्या घेऊन माझ्या गिरणीत रांगेत उभे. मी दळून दिलं. धंदा आहे माझा. पण त्या दिवसापासून सरांच्या घरचं दळण मी शेवटी घेते. ते सकाळी पहिले आले तरी शेवटी.

तर दार आपटल्यावर आठवड्याने खालच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. इमारतीसाठी हातगिरणी ठरली आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावे. खाली रंगीत फोटो. मी जवळ जाऊन पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छोटंसं चकचकीत यंत्र, टेबलाच्या काठाला चिमट्यासारखं अडकवायचं. असल्या यंत्रात कोंबड्यांसाठी दाणा भरडतात. त्यातून पीठ काढायचं म्हणजे तोच दाणा चार चार वेळा घालायचा आणि वर लोखंडही खायचं.

खरं तर मला काय करायचं होतं? घेऊ देत कोंबड्यांचं यंत्र, चावू देत भरडा. तसं ठरवून मी अर्धा जिना चढलेसुद्धा. मग परत उतरले. गिरणीत पिशव्यांवर नावं घालायचा जाड लाल पेन होता, तो आणला आणि त्या कागदावर आडवं लिहिलं: हे कोंबड्यांसाठी आहे.

तासाभरात सर गिरणीत. रागाने कान लाल झालेले.

"नोटीस बोर्डावर लिहायचा तुम्हाला अधिकार नाही."

"आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरायचा तुम्हाला होता?"

दळण चालू होतं, म्हणून ओरडूनच बोलावं लागत होतं. मला बरंच वाटलं.

"वहिनी, ते दिवसच तसे होते!"

"दिवस कसे होते ते मला सांगू नका! माझी सासू घरात पडून होती. मला ठाऊक आहे दिवस कसे होते."

मी मोटर बंद केली. आवाज थांबला तसं आपण केवढ्याने ओरडत होतो ते दोघांनाही कळलं.

"रविवारी सकाळी दुकानात चला," मी म्हटलं. "गिरणी मी निवडते. पण हाताने फिरवणार तुम्ही."

रविवारी मी पाच किलो कोरडा गहू घेतला, एका डब्यात ओलसर गहू, वाटीभर मका, छोटा काटा आणि माझ्या गिरणीतला लोहचुंबक. धान्यात खिळे, तारेचे तुकडे येतात, ते पकडायला तो लागतो. ओझं उचलायला आमचे हे आले. रस्ताभर माझ्यापुढे चार पावलं चालत होते. मी कुणावर तरी बरसणार हे त्यांना कळलं होतं, आणि ते कुणी आपण नसावं अशी त्यांची इच्छा होती.

दुकान शेतीच्या अवजारांचं. दुकानदार वयस्कर, चष्म्याच्या वरून बघणारा. मी त्याला म्हटलं, "चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही." तो म्हणाला, "मग खुर्चीवर बसू का मी? अशी गिऱ्हाइकं वर्षातून एकदा येतात." आणि खरंच बसला.

पहिली ती चकचकीत. सरांनी बाह्या सरसावल्या. "पंधरा मिनिटं," मी म्हटलं आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांत चिमटा सैल पडून यंत्र टेबलावर नाचायला लागलं. आमच्या ह्यांनी ते दाबून धरलं. पहिल्या फेरीत नुसता भरडा निघाला. तोच परत घातला, मग आणखी एकदा. पंधरा मिनिटांत एकशेऐंशी ग्रॅम, तेही करड्या रंगाचं. मी पीठ कागदावर पसरलं आणि त्यावरून लोहचुंबक फिरवला. त्याला बारीक काळी लव आली, जणू मिशा फुटल्या.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"आतल्या दळायच्या चकत्यांचं झिजलेलं लोखंड. हे तुम्ही चोवीस घरांना खाऊ घालणार होतात."

दुकानदार खुर्चीवरून म्हणाला, "मी यांना फोनवर विचारलं होतं, कोंबड्या किती आहेत म्हणून. यांना राग आला."

आमचे हे हसले. सर हसले नाहीत.

दुसरी दगडी होती. लाकडी पेटी, आत दोन गोल दगड, दिसायला देखणी. पीठ असं काढलं की मी स्वतः चिमूट घासून पाहिली, तलम, थंड. पंधरा मिनिटांत चारशे ग्रॅम. सरांचा चेहरा खुलला. "हीच घेऊ!" मी त्यात ओलसर गहू ओतला. वादळाच्या दिवसांत कोरडं धान्य कोण देणार आहे? दहा-बारा फेऱ्यांत दगडांवर लगदा बसला आणि दांडा घट्ट झाला. दगड उघडले तर गुळगुळीत, वर राप चढलेला. आता ते धुवा, वाळवा, पुन्हा टाकी लावा. टाकी म्हणजे छिन्नीने दगड पुन्हा खरखरीत करायचा. ते काम आमच्या वस्तीत मला सोडून कुणाला येत नाही.

"मी मेले तर काय कराल?" मी विचारलं. सरांनी रुमालाने मान पुसली.

तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती. काळं बोजड धूड, ओतीव लोखंडाचं, एका बाजूला मोठं जड चाक, लांब दांडा. चिमटा वगैरे लाड नाहीत, चार बोल्टांनी पक्की बसवायची. दळायच्या चकत्या कडक पोलादाच्या, झिजल्या की नव्या बसतात. दुकानदाराने आणखी दोन जोड्या दाखवल्या. मी बेअरिंगला कान लावून ऐकलं. दांड्याची उंची माझ्या कमरेशी येते का ते पाहिलं, कारण खांद्याच्या वर हात नेऊन म्हातारी माणसं फिरवू शकत नाहीत. कोरडा गहू घातला, ओलसर घातला, मका घातला. ती कुरकुरली, पण अडली नाही. लोहचुंबक साफ निघाला. पीठ जरा जाड, पण पीठच. पंधरा मिनिटांत आठशे ग्रॅम. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आता हिशोब करा," मी म्हटलं. "तुमचा विषय. इमारतीत माणसं एक्क्याऐंशी. माणशी पाव किलो पीठ."

ते धापा टाकत होते, तरी आकडे तोंडातून आपोआप पडले. "वीस किलो अडीचशे ग्रॅम रोज. या काळ्या गिरणीवर साधारण सहा तास वीस मिनिटं. दगडीवर बारा तास चाळीस मिनिटं. त्या पहिलीवर..." ते थांबले. "अठ्ठावीस तास. थोडे जास्तच."

"दिवसात तेवढे तास असतात का?"

"नाही."

"आता आणखी एक गणित. दोन किलो पीठ, इमारतीतली घरं. प्रत्येकाला किती?"

मला त्यांच्या तोंडून उत्तर ऐकायचं होतं, इतकंच. घरी मी ते शंभर वेळा केलं होतं. दोन हजार भागिले चोवीस, त्र्याऐंशी ग्रॅम. एवढ्याशा पिठासाठी तुम्ही माझ्या सासूला गादीवरून उठवलंत, हे पुढचं वाक्य मी वर्षभर तोंडात धरून ठेवलं होतं.

"सत्त्याऐंशी ग्रॅम," सर म्हणाले.

मी पुन्हा मनात भागाकार केला. मग कळलं. त्यांना पण कळलं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"तेवीस," मी म्हटलं. "तुम्ही तेविसांनी भागलंत."

"वहिनी..."

"राहून गेलं नव्हतं. बसून, मोजून, आमचं घर वगळलं होतं."

"लोक म्हणाले, यांच्याकडे आणखी असेल. मी म्हटलं होतं की निदान आजींचा वाटा..."

"मोठ्याने म्हटलं होतंत?"

सर रुमालाची घडी घालू लागले. मी हातातला काटा टेबलावर एवढ्या जोरात ठेवला की दुकानदार खुर्चीतून उठला. रडू येत असेल असं कुणाला वाटलं असेल तर ते चूक. मला त्या दांड्यानेच काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात आमचे हे पुढे आले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "सर, मी तिथेच उभा होतो. पीठ तोलताना काटासुद्धा मीच लावून दिला. तेवीस धरताना मला विचारावंसं वाटलं नाही?"

"आणि तुम्ही?" मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही का नाही विचारलंत? काटा लावून दिलात, आणि मला वर्षभर सांगत राहिलात, राहून गेलं असेल, राहून गेलं असेल!"

त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "घाबरलो होतो. पाच जण होते ते."

हे त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर मी निम्मी कमी चिडले असते. तेही त्यांना मी तिथेच सांगितलं.

दुकानदाराने तिघांना पाणी दिलं. पाणी पिऊन मी सरांना म्हटलं, "ही काळी घ्या. पण माझ्या गाळ्यात राहणार नाही. जिन्याच्या खाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, जमिनीत बोल्ट मारून बसवायची. कुलूप नाही. प्रत्येकाने आपलं दळायचं, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक धडधाकट माणसाने रोज अर्धा तास. आणि बोर्डावर तुम्ही तुमच्या अक्षरात लिहायचं, त्या दिवशी काय केलंत ते."

"लिहितो," सर म्हणाले.

पहिला मसुदा त्यांनी दुसऱ्या दिवशी गिरणीत आणून दाखवला. "काही गैरसमजातून" अशी सुरुवात होती. मी तो फाडला. दुसऱ्यात "त्या कठीण परिस्थितीत" होतं. तोही फाडला. "सर, मुलांना गणित शिकवताना एवढी प्रस्तावना करायचात का?" मी विचारलं. तिसरा कागद चार ओळींचा होता: आठव्या दिवशी आम्ही पाच जणांनी तीन नंबरच्या घराची झडती घेतली. आजारी, वृद्ध बाईंसाठी ठेवलेलं दोन किलो पीठ नेलं. ते तेवीस घरांत वाटलं, त्या घराला दिलं नाही. हे चूक होतं आणि ते मोजणारा मी होतो.

खाली सही. हा मी फाडला नाही.

कागद लागला त्याच दिवशी कुणीतरी ओरबाडून काढला. माझा संशय शिंपिणीवर. सरांनी दुसरा लिहून लावला. तोही गेला. मग त्यांनी तिसरा लावला आणि बोर्डाच्या काचेला कुलूप घातलं. आठ दिवस तो तिथे होता. येता-जाता लोक चपला घालायच्या निमित्ताने थांबून वाचायचे आणि मी दिसले की घाईने जिना चढायचे. दोघी-तिघी येऊन काहीबाही बोलून गेल्या. एकीने तर साखर आणून दिली. मी ती परत पाठवली. गोड बोलून सुटायचं असेल तर निदान तोंडाने बोला, असा निरोपही पाठवला.

गिरणी बसली. ह्यांनीच डेपोतले बोल्ट आणून ती बसवली, दोन रविवार मोडून. सरावासाठी पुढच्या रविवारी सकाळपासून प्रत्येक घराने एक किलो हाताने दळायचं, आणि त्याआधी ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीचे अर्धे तास, असं ठरलं. यादी मी केली. सर म्हणाले, यादी तुम्हीच वाचा.

सासूबाईंना मी सकाळीच विचारलं, "आई, खाली येता? की नको वाटतं त्या लोकांत?" मला वाटलं होतं, त्या नको म्हणतील. वर्षभर त्यांनी त्या दिवसाचा एकदाही विषय काढला नव्हता. मी समजत होते, विसरल्या.

"खुर्ची घे," त्या म्हणाल्या. "चांगली पाठ असलेली. मला पुढे बसायचंय."

ह्यांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. सर दांड्याशीच उभे होते, वाकून नमस्कार करायला पुढे झाले. सासूबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. "आधी काम."

सरांनी फिरवायला घेतलं. शिंपीण ताट धरून बसली होती, मान खाली. सासूबाईंनी ताटातलं पीठ बोटांत घेतलं, चोळलं, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जाड आहे."

सरांनी स्क्रू पिळला. घट्ट केला की पीठ बारीक येतं, पण दांडा जड होतो. ते पुन्हा फिरवू लागले.

"अजून जाडच. माझ्या घशाखाली उतरायला हवं ना? दात नाहीत मला. त्या दिवशी गादी उचलताना तुम्ही पाहिलंच असेल."

सरांनी आणखी पिळला. आता प्रत्येक फेरीला त्यांना अंग टाकावं लागत होतं. मी घड्याळ बघत होते. त्यांचा अर्धा तास संपला, तरी त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चाळीस मिनिटांनी सासूबाईंनी पुन्हा चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, मान हलवली. "हं. हे चालेल." मग शिंपिणीकडे वळून म्हणाल्या, "आता तू. तेवढंच बारीक."

शिंपीण उठली. तिचे डोळे भरले होते. माझ्याकडे बघून काही बोलणार होती, पण मी यादीत तोंड घातलं. माफ करायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. घाई कुणाला आहे?

तिची पाळी झाल्यावर मी पुढचं नाव बघितलं. म्हाताऱ्यांच्या दळणाचे पहिले तिन्ही अर्धे तास मीच घातले होते, मला हवे तसे. सर, शिंपीण आणि तिसरे आमचे हे. ते खांबाला टेकून उभे होते, पाठ लावून. मी मोठ्याने नाव पुकारलं. ते आले आणि त्यांनी दांडा धरला.